पडद्याच्या अलीकडची बाजू

1 मे 2021 रोजी 18 ते 44 वयोगटासाठी लसीकरण खुले झाले, तेव्हा लशीपर्यंत जाण्याचा एकच रस्ता ठेवला होता. कोविन संकेतस्थळावर नोंदणी करायची आणि मोकळी वेळ दिसली की ती मिळवायची. पुढच्या काही आठवड्यांत काय घडले ते महाराष्ट्रातल्या अनेक तालुक्यांनी पाहिले. शहरातली तरुण मंडळी गाड्या काढून आडगावांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवर येत होती, लस टोचून घेऊन परतत होती आणि त्याच केंद्राच्या हद्दीतले लोक आवारात उभे राहून ते बघत होते. शहरातून आलेल्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता. त्यांच्याकडे वेगवान इंटरनेट होते, नोंदणीचे पान उघडून बसण्याइतका वेळ होता आणि स्वतःचे वाहन होते. गावातल्या माणसाकडे यातले काही नव्हते, आणि नेमके हेच लस मिळण्याचे निकष होऊन बसले. 24 मेपासून सरकारी केंद्रांवर थेट येऊन नोंदणी करायला परवानगी मिळाली. 31 मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही या डिजिटल दरीवर स्पष्ट बोट ठेवले.

टेलिमेडिसिनवरच्या पुस्तकाची प्रस्तावना लशीच्या रांगेपासून सुरू करण्याला कारण आहे. सार्वजनिक आरोग्यसेवेत एखादे नवे साधन येते, तेव्हा ते कागदावर सगळ्यांसाठीच असते. पण सगळ्यांसाठी उघडलेल्या दारातून आधी कोण आत येतो, हे दार कोणत्या उंचीवर बसवले आहे त्यावर ठरते. वेल्समधल्या ग्लिनकोरग या कोळसा खाणीच्या गावात आयुष्यभर डॉक्टरकी केलेल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 1971 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले होते की, जिथे आजार जास्त तिथे चांगली सेवा कमी पोचते आणि जिथे गरज कमी तिथे ती मुबलक असते. सेवा जितकी बाजाराच्या हवाली, तितकी ही उलटी वाटणी तीव्र. हार्ट यांच्या काळात व्हिडिओवरून रुग्ण तपासण्याची सोय नव्हती. पण आज गडचिरोली किंवा नंदुरबारमध्ये टेलिमेडिसिनचे काय होते आहे ते समजून घ्यायचे, तर त्यांचे ते निरीक्षण हाताशी ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही.

भारतात या विद्येची सुरुवात आशादायी होती. 2000 साली आंध्रातल्या अरगोंडा या गावातले रुग्णालय दूरवरच्या तज्ज्ञांशी जोडले गेले. पुढे इस्रोने उपग्रहाची जोडणी पुरवली आणि महाराष्ट्रातही मुंबईच्या केईएम रुग्णालयातले तज्ज्ञ काही जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांशी पडद्यावरून बोलू लागले. तेव्हाची यंत्रणा जड होती. वेगळी खोली, उपग्रहाची तबकडी, ठरलेली वेळ. बोलणे डॉक्टर-डॉक्टरांमध्ये होई आणि रुग्ण मध्ये बसलेला असे. हे सगळे कायद्याच्या दृष्टीने मात्र संदिग्ध होते. 2018 मध्ये कोकणातल्या एका प्रकरणात फोनवरून औषधे सांगण्याचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि संबंधित डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला गेला. त्यानंतर फोनवर सल्ला द्यावा की नाही याची धास्ती राज्यातल्या कित्येक डॉक्टरांनी घेतली. ही कोंडी फुटली ती 25 मार्च 2020 रोजी. देश टाळेबंदीत गेला त्याच दिवशी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही रुग्णाला दुरून सल्ला देऊ शकेल, कोणती औषधे पहिल्याच भेटीत लिहिता येतील, कोणती फक्त पुढच्या भेटीत आणि कोणती कधीच नाही, हे त्यात ठरवून दिले. एक तरतूद फारशी चर्चेत आली नाही, पण मला ती फार मोलाची वाटते. रुग्णाजवळ आरोग्य कर्मचारी बसलेला आहे आणि तो डॉक्टरशी बोलतो आहे, या प्रकाराला या तत्त्वांनी स्वतंत्र मान्यता दिली.

त्याआधीच, नोव्हेंबर 2019 मध्ये, ‘ई-संजीवनी’ सुरू झाली होती. मोहालीच्या सी-डॅकने ती बांधली. तिचे दोन फाटे आहेत. पहिल्यात उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी, ज्याला सगळे सीएचओ म्हणतात, रुग्णाला समोर बसवून वरच्या केंद्रातल्या डॉक्टरशी जोडून देतो. दुसरा एप्रिल 2020 मध्ये आला. त्यात रुग्ण स्वतःच्या फोनवरून घरबसल्या डॉक्टरशी बोलतो. फेब्रुवारी 2023 मध्ये एकूण सल्ल्यांची संख्या 10 कोटींवर गेली, तेव्हा सरकारने दिलेल्या माहितीत दोन गोष्टी होत्या. सल्ल्यांपैकी फार मोठा वाटा पहिल्या फाट्याचा होता आणि लाभार्थ्यांत 57 टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या.

या दुसऱ्या आकड्यापाशी थांबायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 38 टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले असल्याचे सांगितले. पुरुषांत हेच प्रमाण 61.5 टक्के होते. स्वतः वापरत असलेला फोन जेमतेम निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रियांकडे होता. फोन नाही, नेट नाही, आणि तरी टेलिमेडिसिनच्या लाभार्थ्यांत स्त्रिया पुढे. हे कोडे उपकेंद्राच्या दाराशी सुटते. तिथे फोन सरकारचा आहे, नेट सरकारचे आहे, बटणे दाबणारा कर्मचारी आहे, आणि लेकराला लस द्यायला किंवा गरोदरपणात वजन करायला बाई तशीही तिथे येतेच. तिला काही डाउनलोड करावे लागत नाही. तिला फक्त आपले दुखणे सांगायचे असते.

माझे म्हणणे सगळे इथून निघते. सार्वजनिक सेवेत टेलिमेडिसिन न्याय्य ठरते ते पडद्याच्या अलीकडे, रुग्णाच्या बाजूला, कोण बसले आहे, त्याच्या हातात काय आहे आणि त्याच्यामागे कपाटात काय आहे यावर. पैसा, प्रशिक्षण आणि कल्पकता मात्र बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला खर्च होते. नवे अ‍ॅप येते, नवा डॅशबोर्ड येतो, वरून खाली पाहणाऱ्याला चित्र अधिकाधिक स्वच्छ दिसू लागते. उपकेंद्रातला रक्तदाबाचा पट्टा मात्र फाटका तो फाटकाच राहतो.

उपकेंद्र म्हणजे काय, हे शहरी वाचकासाठी थोडे सांगतो. सपाट भागात साधारण 5000 आणि डोंगरी-आदिवासी भागात 3000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा दंडक आहे. तिथे एएनएम म्हणजे परिचारिका असते, आता सीएचओ असतो, गावात आशा ही आरोग्य कार्यकर्ती असते. महाराष्ट्रातल्या सीएचओंमध्ये आयुर्वेद पदवीधरांचा भरणा मोठा आहे. त्यांना सहा महिन्यांचे प्रशिक्षण दिलेले असते आणि नेमणूक कंत्राटी असते. त्यांच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असे चार तज्ज्ञ असायला हवेत. देशभरातल्या ग्रामीण भागात या पातळीवर असायला हव्यात त्यापैकी जवळपास 80 टक्के तज्ज्ञांची तूट असल्याचे केंद्र सरकारचाच 2021-22 चा अहवाल सांगतो. टेलिमेडिसिनचे आकर्षण इथून येते. तज्ज्ञ गावात येत नसेल तर निदान त्याचा चेहरा तरी यावा. ही अपेक्षा खोटी नाही. मेळघाटातल्या पोराला धारणीतच बसवून त्याच्या अंगावरचे चट्टे त्वचारोगतज्ज्ञाने पडद्यावर पाहिले, तर परतवाडा-अमरावतीची फेरी, एसटीचे भाडे आणि दोन माणसांची बुडणारी मजुरी वाचते. ज्या घरात रोजचा पैसा रोज येतो, त्या घरात ही बचत म्हणजे उपचार घेणे आणि न घेणे यातला फरक आहे.

पण चेहरा आला आणि त्याच्यामागून काहीच आले नाही, तर काय होते? डॉक्टर पडद्यावरून मधुमेहाची एक गोळी लिहितो. उपकेंद्राच्या कपाटात ती नसते. मग ती चिठ्ठी घेऊन बाई तालुक्याच्या मेडिकल दुकानात जाते, पदरचे पैसे मोडते किंवा जातच नाही. महाराष्ट्राने 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळे मोफत केले, हे खरोखर मोठे पाऊल होते. टेलिमेडिसिनच्या सल्ल्यालाही हाच न्याय लावायला हवा. डॉक्टरला पडद्यावर रुग्णाबरोबरच त्या उपकेंद्रातला औषधसाठाही दिसला पाहिजे, म्हणजे तो हाताशी असलेल्यातलेच लिहील. हे तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही. साठ्याची नोंद संगणकावर असतेच. अवघड आहे ते औषध वेळेवर पोचवणे. ते काम कुठल्याही अ‍ॅपच्या आवाक्यातले नाही; त्याला खरेदी, गोदाम आणि गाडी लागते.

हे सगळे जुळून आले की काय साधते, याचे उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. छातीत दुखणारा माणूस जवळच्या सरकारी केंद्रात येतो, तिथे त्याचा ईसीजी काढला जातो, तो काही मिनिटांत दूरवरच्या तज्ज्ञाला दिसतो, झटका असल्याचे ठरले तर रक्ताची गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन तिथेच मोफत दिले जाते आणि रुग्णाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हलवले जाते. इथे तंत्रज्ञान म्हणावे असे काम ईसीजी पाठवण्यापुरते आहे. जीव वाचतो तो केंद्रात यंत्र चालू स्थितीत होते, परिचारिकेला ते वापरता येत होते, फ्रीजमध्ये इंजेक्शन होते आणि रुग्णवाहिका दाराशी आली म्हणून. तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यांतल्या दृष्टी केंद्रांत हेच केले. प्रशिक्षित मुलगी डोळा तपासते, डॉक्टर दुरून पाहतो आणि चष्मा लागला तर तो तिथेच मिळतो. दोन्हीकडे सल्ला आणि उपचार यांच्यात अंतर ठेवलेले नाही.

महाराष्ट्राला हे शिकायला बाहेर बघायची गरज तशी नव्हती. जामखेडला आरोळे दांपत्याने 1970 पासून गावातल्या, बहुतेक निरक्षर, स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला, न्यूमोनिया ओळखायला, अगदी इंजेक्शन द्यायलाही शिकवले आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण तीन वर्षांत निम्म्याहून खाली आणले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. त्या बायांच्या हातात श्वास मोजायचे साधे साधन होते आणि मागे भक्कम देखरेख होती. आज त्याच जागी आपण टॅब्लेट देतो आहोत. टॅब्लेट जरूर द्यावा. पण त्या बाईला जे शिकवले होते, तिच्यावर जो विश्वास टाकला होता, तो टॅब्लेटसोबत कमी होत चालला असेल तर आपण मागे चाललो आहोत.

तज्ज्ञाचा वेळ हा या सगळ्यातला सर्वांत दुर्मीळ माल आहे आणि त्याच्या वाटपाबद्दल फार कमी बोलले जाते. अनेक ठिकाणी व्हिडिओवर सल्ला देणारा डॉक्टर म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारीच असतो. त्याच्या खोलीबाहेर त्याची स्वतःची ओपीडी उभी असते. तो पडद्यावरच्या रुग्णाशी बोलतो तेवढा वेळ बाहेरचा रुग्ण थांबतो, आणि बाहेरच्याला आत घेतले की पडद्यावरचा ताटकळतो. सल्ल्यांची संख्या वाढली म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाढला असे होत नाही. तो फक्त वेगळ्या तऱ्हेने वाटला जातो. टेलिमेडिसिनसाठी वेगळी पदे न भरता त्याचे आकडे वाढवणे म्हणजे एका रांगेतला वेळ उचलून दुसऱ्या रांगेला देणे, आणि बहुतेक वेळा ज्या रांगेतल्या लोकांना तक्रार करता येत नाही तिचा वेळ उचलला जातो. मोठ्या रुग्णालयांतल्या क्यूआर कोडच्या नोंदणीतही हेच दिसते. स्मार्टफोन असलेल्याचा केस पेपर चटकन निघतो, ही चांगलीच गोष्ट. पण त्यामुळे मोकळे झालेले कर्मचारी फोन नसलेल्यांच्या खिडकीवर बसवले का, हा प्रश्न प्रत्येक रुग्णालयाला विचारायला हवा.

आणि लक्ष्ये. बऱ्याच ठिकाणी दिवसाला किंवा महिन्याला किती सल्ले व्हायला हवेत हे ठरवून दिलेले असते. कंत्राटी कर्मचाऱ्यावर असे लक्ष्य ठेवले की सर्दी-खोकल्याच्या, जागच्या जागी गोळी देऊन भागले असते अशा रुग्णालाही पडद्यासमोर बसवले जाते, कारण तेवढाच एक आकडा भरतो. खरी गरज असलेला रुग्ण, ज्याला वेळ लागेल, ज्याची फाइल जाड आहे, तो या हिशेबात नकोसा होतो. कर्मचाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. आपण जे मोजतो तेच तो देतो. सल्ल्यांऐवजी, सांगितलेले औषध रुग्णाच्या हातात पडले का आणि पुढे पाठवलेला रुग्ण खरोखर पोचला का, या दोन गोष्टी उपकेंद्रनिहाय मोजून जाहीर केल्या तर चित्र बदलेल असे मला ठामपणे वाटते.

भाषेचा प्रश्न सहसा शेवटी एका वाक्यात उरकला जातो. तो तसा उरकण्यासारखा नाही. भामरागडमध्ये माडिया, मेळघाटात कोरकू, धडगाव-अक्कलकुव्यात पावरी आणि भिली. पडद्यावरचा डॉक्टर मराठी किंवा हिंदीत विचारतो, आशा किंवा एएनएम ते उलगडून सांगते, आणि बाईचे उत्तर मराठीत परत येते तेव्हा त्यातले अर्धे गळून गेलेले असते. पोटात कुठे दुखते, कधीपासून, पाळीशी त्याचा संबंध आहे का, हे सगळे एका तिसऱ्या माणसाच्या तोंडून जाते. समोरासमोर असताना डॉक्टर हात लावून, चेहरा बघून काही भरून काढतो. पडद्यावर तोही आधार नसतो. या दुभाष्या बाईचे काम आज कुणाच्याही हिशेबात नाही. तिला त्याचा मोबदला मिळत नाही, प्रशिक्षण मिळत नाही. सातपुड्यात आणि दंडकारण्यात टेलिमेडिसिन चालवायचे असेल तर तिची गणना आरोग्य व्यवस्थेतली एक तज्ज्ञ म्हणून झाली पाहिजे. गुप्ततेचाही इथे संबंध आहे. उपकेंद्र बहुधा एका खोलीचे असते. गर्भपाताबद्दल, नवऱ्याच्या मारहाणीबद्दल, मन उदास राहते त्याबद्दल बाई त्या खोलीत मोठ्याने काय आणि कशी बोलणार? ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ची 14416 ही हेल्पलाइन या बाबतीत पुष्कळ शिकवते. साध्या बटणाच्या फोनवरून लागणारा, पैसे न पडणारा, मातृभाषेत उत्तर देणारा क्रमांक. जिथे रेंज येईल त्या टेकाडावर एकटीने जाऊनही तो लावता येतो.

काही माणसे मात्र उपकेंद्राच्या हद्दीतच राहत नाहीत. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतले ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमाराला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उतरतात ते थेट उन्हाळ्यापर्यंत. त्यात रक्तदाबाचे, क्षयाचे रुग्ण असतात, गरोदर बाया असतात. गावच्या उपकेंद्रातली नोंद गावातच राहते आणि कारखान्याच्या परिसरातल्या केंद्रासाठी हे लोक परके असतात. टेलिमेडिसिनने जर कुठे खरोखर नवे काही करून दाखवायचे असेल तर इथे. गावच्या सीएचओने फडावरच्या आपल्या रुग्णाला आठवड्यातून एकदा फोन करावा, त्याची नोंद कारखान्याजवळच्या केंद्राला दिसावी आणि औषध तिथून मिळावे. राज्याची हद्द ओलांडली तरी सल्ला चालू ठेवायला 2020 च्या तत्त्वांची आडकाठी नाही. अडते ते दोन राज्यांच्या, दोन जिल्हा परिषदांच्या औषधसाठ्यांच्या हिशेबाशी.

पुढील प्रकरणांत तंत्रज्ञानाच्या पुढच्या पायऱ्यांची चर्चा आहे. क्ष-किरण चित्र वाचणारी संगणकीय प्रणाली, दृष्टिपटलाच्या फोटोवरून मधुमेहाचा परिणाम ओळखणारे सॉफ्टवेअर. मला त्यांचे वावडे नाही. क्षयाच्या तपासणीत त्यांचा उपयोग मोठा आहे. 2020 च्या तत्त्वांनी अशा प्रणालींना स्वतःहून औषध लिहायला मनाई केली होती, आणि गरिबांच्या बाबतीत ही रेघ पुसट होऊ देता कामा नये. श्रीमंताला डॉक्टर आणि गरिबाला यंत्र अशी विभागणी कुणी जाहीर करून करणार नाही. ती एकेका रिकाम्या पदामागून हळूच होते.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण ती स्वस्त आहे आणि आजच्या आज करता येण्यासारखी आहे. सिकलसेलचा रुग्ण नंदुरबार आणि गडचिरोलीत घरोघर सापडतो. त्याला आयुष्यभर गोळ्या, रक्ताच्या तपासण्या आणि अधूनमधून दवाखान्यात भरती होणे लागते. दुरून सल्ला देण्यासाठी याहून योग्य आजार क्वचित असेल. आज त्याला पडद्यावर दर वेळी जो मोकळा असेल तो डॉक्टर भेटतो आणि दर वेळी पहिल्यापासून सगळे सांगावे लागते. वेदना वाढून त्याला जिल्ह्याला जावे लागते तेव्हा तिथे आणखी वेगळा डॉक्टर असतो. नंदुरबारला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विभागांना धडगाव, अक्कलकुव्यातली उपकेंद्रे कायमची नेमून द्यावीत, आठवड्यातला एक वार ठरवावा आणि त्या वारी त्याच डॉक्टरांनी त्याच गावांतले रुग्ण पडद्यावर पाहावेत. मग एखाद्या रात्री झोळीत घालून, नर्मदेकाठची वाट तुडवून, रुग्णवाहिकेपर्यंत आणलेला पोरगा महाविद्यालयाच्या वॉर्डात पोचेल, तेव्हा खाटेशी येणारा डॉक्टर त्याला नावाने ओळखत असेल आणि मागच्या मंगळवारी गोळ्यांचा डोस का बदलला होता ते त्याला ठाऊक असेल.